फुकटचे दोन

“हात लावू नकोस, डेझ! आधी मी पाहिलाय!”

थियाचा आवाज इतका चढला, की अंगणातल्या टेबलांवर वाकलेल्या बायकांनी माना वर करून पाहिले. डेझमंडने हात चटकन मागे घेतला आणि दोन्ही तळवे वर करून तो म्हणाला, “घ्या, बाईसाहेब, घ्या! मी तर त्या झाऱ्याकडे हात नेत होतो. माझ्या आईला झारा हवाय!”

“खोटारडा!” इनेस हसली. “तुझ्या आईला घरात थोडी शांतता हवीय!”

उन्हाळ्याची सुटी लागली, की रॉचेस्टरच्या गल्ल्यांमधून शनिवारी सकाळी घरातल्या जुन्या सामानाची अशी अंगणातली विक्री असते, आणि ही तीन पोरे तिथे सायकली टाकून हजर असतात. आजची विक्री पेअरचे झाड असलेल्या घरात होती. डाव, झारे, किसण्या भरलेल्या खोक्यात, एका मळक्या फडक्याखाली थियाला तो दिसला होता: चामड्याच्या पेटीतला, हातात घेताच जडपणा जाणवणारा, जर्मन बनावटीचा जुना कॅमेरा. फिल्मचा. खरा!

थिया मॅझुरेक त्या वर्षी बारा पूर्ण करून तेराव्यात शिरली होती. फोनवर हजार छायाचित्रे काढून एकही न पाहणारी माणसे तिने पुष्कळ पाहिली होती. तिला एकेक मोजून, थांबून काढायचे होते. त्यासाठी तिने मे महिन्यापासून शेजाऱ्यांच्या हिरवळी कापून पैसे साठवले होते.

खुर्चीत पसरलेला एक गृहस्थ फोनमध्ये डोके घालून बसला होता. डेल हचिन्स त्याचे नाव.

“पंधरा डॉलर,” त्याने मान वर न करताच सांगितले.

“चालतो का हा?” थियाने विचारले.

“मला काय ठाऊक! मी काय फोटोग्राफर आहे?”

“मग ज्यांचा होता त्यांना विचारता येईल?” इनेस म्हणाली.

“आत्याच्या घरातला आहे. आत्या गेली. मागे कोणी नाही. घ्यायचा तर घ्या, नाहीतर खोक्यात ठेवा.”

थियाचा चेहरा पडला. “फार वाईट झालं,” ती हळूच म्हणाली.

डेलने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिले. काही बोलण्यासाठी त्याने तोंड उघडले, मग खांदे उडवले आणि पुन्हा फोनमध्ये डोके घातले.

पंधरा डॉलर मोजून ती निघाली. वाटेत थिया थांबून थांबून कॅमेऱ्याचा खटका ओढून पाहत होती. खटका ओढला, की डाव्या बाजूचे छोटे चाकही आपोआप फिरे. रिकाम्या यंत्राने असे का फिरावे? तिला ते खटकले.

थियाचे आजोबा व्हरांड्यातच होते. पोलिश घरांत आजोबांना ‘जाजा’ म्हणतात. या जाजांना मात्र सारी गल्लीच जाजा म्हणे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांप्रमाणे त्यांचीही उभी हयात फिल्मच्या कारखान्यात गेली होती, आणि तीही काळोख्या विभागात, जिथे डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नसे. तिथली माणसे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून प्रत्येक वळणावर शीळ घालत. कारखाना सुटला, पण शीळ सुटली नाही. जाजा स्वयंपाकघरातून बैठकीत येतानासुद्धा दारापाशी शीळ घालत.

“अहाहा!” कॅमेरा हातात घेताच ते उद्गारले. “काय घडण आहे बघा पोरांनो! नाहीतर तुमचे ते फोन! साबणाच्या वड्या नुसत्या!”

“जाजा, एक मिनिट! ते चाक फिरतंय बघा, खटका ओढला की—”

“थांब गं, आधी आतलं यंत्र तर बघू!”

“पण जाजा, आत काही असलं तर?”

“आत काय असणार? आपल्या गावात कोणी भरलेला कॅमेरा विकेल? एखादा ठार बावळटच लागेल त्याला!”

आणि जुलैच्या रखरखीत दुपारी जाजांनी मागचे झाकण खाडकन उघडले.

आत फिल्म होती. करडी, गुळगुळीत, माशाच्या पोटासारखी चमकणारी.

झाकण बंद व्हायला क्षणही लागला नाही. पण फिल्मला क्षण पुष्कळ होतो. रॉचेस्टरच्या पोरांना हे बाळकडूतच मिळालेले असते. डेझमंडच्या तोंडावर आलेला विनोद तिथेच विरला. जाजांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि स्वतःच्या हातांकडे ते असे पाहत राहिले, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे होते.

“उजेड लागू नये म्हणून अख्खा जन्म काळोखात काढला मी,” ते अखेर म्हणाले. “आणि एका मेलेल्या बाईचा रोल भर उन्हात जाळला.”

“सगळाच जळाला?” थियाने विचारले.

“आत गुंडाळी असते, पोरी. नंतर काढलेले फोटो वरच्या वेढ्यांत येतात. ते गेले. सुरुवातीचे अगदी आत, खोल असतात. त्यातले एखाद-दोन वाचले तर वाचले.”

त्यांनी चाक फिरवून तो रोल डबीत ओढून घेतला आणि तळघरात नेऊन ठेवला. मग, मुलांचे चेहरे पाहवेनात म्हणून असेल, त्यांनी आपल्या कपाटातला नवा रोल कॅमेऱ्यात भरला. नव्या रोलचे टोक भरताना उजेडात येते आणि जळते. म्हणून सुरुवातीला दोनदा खटका ओढून बटण दाबायचे आणि ते टोक पुढे सरकवून टाकायचे. ते दोन मोजायचे नाहीत, त्यांत काही उमटते असे धरायचे नाही. त्या गल्ल्यांमध्ये त्यांना ‘फुकटचे दोन’ म्हणत, आणि रीत अशी, की भरणाऱ्याने ते स्वतः दाबायचे नाहीत. ते शेजारी जो असेल त्याचे.

“घे,” जाजा म्हणाले. “फुकटचे दोन.”

थियाने एक इनेसला दिला, एक डेझमंडला. इनेसने आकाश टिपले. डेझमंडने स्वतःचे नाक.

“बरं झालं त्यात काही येत नाही ते!” इनेस म्हणाली.

ती दुपार त्यांनी धबधब्याच्या पुलावर आणि मग सरोवराच्या काठी घालवली. गावचे खास पांढरे हॉट डॉग खाल्ले, गोठवलेल्या कस्टर्डचे कोन कोपरापर्यंत ओघळू दिले. आणि थियाने आयुष्यात प्रथमच एका छायाचित्रासाठी एवढा वेळ वाट पाहिली, की डेझमंड दीपस्तंभासमोर उभा राहून राहून खाली बसला.

“काढलास का?”

“नाही.”

“आता?”

“तू डोळे मिचकावतोस.”

“माणूस आहे मी! आम्ही मिचकावतो!”

मग त्या यंत्राचा तो आवाज आला; चांगल्या कुलपात किल्ली फिरावी तसा, मऊ आणि ठाम. डेझमंडने सवयीने हात पुढे केला. “बघू!”

“दिसत नाही.”

“कधी दिसेल?”

“धुतल्यावर.”

“म्हणजे मी सुंदर दिसतोय की नाही, हे मला तोवर कळणारच नाही?”

“आम्हाला आताच कळलंय,” इनेस म्हणाली.

थिया हसली, पण पुलावरून परतताना तिच्या मनात तो दुसरा, जळलेला रोलच घोळत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाजांनी तो धुतला. ओली निगेटिव्ह तळघरातल्या दोरीवर चिमट्याने टांगली, आणि चौघेही तिच्यासमोर उभे राहिले. निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो. ती पट्टी जवळजवळ टोकापर्यंत कोळशासारखी काळी होती. केवळ सुरुवातीला, काठ करपलेल्या भाकरीसारखी, तीन-चार घरे वाचली होती.

जाजांनी ती कागदावर उतरवली. स्वयंपाकघरातले टेबल आणि त्यावर एक कप. बर्फातले पेअरचे झाड. खिडकीपाशी पाठमोरी उभी असलेली, केसांत पिना खोचणारी एक बाई. आणि सर्वांच्या आधीचे एक चित्र, ज्याची डावी बाजू पांढरीफटक जळालेली होती. उजव्या बाजूला एका तरुणाचा चेहरा होता. तिरका, अगदी जवळून काढलेला, हनुवटी कापली गेलेला. पुढचा एक दात वाकडा. कॅमेरा अडवायला त्याने हात वर केला होता आणि तो खदखदून हसत होता.

“हे फुकटच्या दोनांतलं,” जाजा म्हणाले. “असं कधीतरी अर्धं उमटतं. कोण असेल बिचारा?”

“हे त्यांच्या कोणाला तरी द्यायला हवं,” थिया म्हणाली.

“मागे कोणी नाही म्हणाला ना तो,” डेझमंडने आठवण करून दिली.

“एकदा विचारू तरी!”

सोमवारी ती गेली, तेव्हा पेअरच्या झाडाच्या घरासमोर आता कचऱ्याचा लोखंडी पेटारा उभा होता आणि डेल त्यात उरलेसुरले सामान फेकत होता. फोन कानाला होताच.

“पुन्हा तुम्हीच? परत घेणार नाही!”

“परत नको, मिस्टर हचिन्स. कॅमेऱ्यात फोटो सापडलेत,” थिया म्हणाली.

“फेकून द्या!” असे म्हणत तो आणखी सामान आणायला घरात गेला.

पायरीवर स्वेटरांची एक पिशवी होती. इनेसने सहज त्यातला वरचा स्वेटर उचलला आणि तिचे डोळे विस्फारले. “हे बघा! गळ्यापाशी बघा!”

आत एक पांढरी पट्टी शिवलेली होती: ‘सी. व्हर्बीक’. टाके ताजे होते, दोऱ्याचे टोकही अजून कापलेले नव्हते.

“मग?” डेझमंड म्हणाला.

“मग काय, डोकं! माझी आई वृद्धाश्रमात काम करते. तिथे धुण्यात कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून सगळ्यांच्या कपड्यांवर अशी नावं शिवायला लावतात. मेलेल्या माणसाच्या स्वेटरवर कोणी नवं नाव शिवतं का?”

तिघे एकमेकांकडे पाहत राहिले.

“‘गेली’ म्हणाला तो,” थिया सावकाश म्हणाली.

“आणि कुठे गेली, हे आपण विचारलंच नाही!” डेझमंडने कपाळावर हात मारून घेतला.

“आता विचारलं तर सांगणार आहे थोडाच!”

“तसं नाही विचारायचं. मोठ्या माणसांना प्रश्न विचारला की ती सावध होतात. त्यांच्यासमोर चूक करायची. मग ती सुधारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. बघाच!”

डेल बाहेर येताच डेझमंडने पिशवी उचलली आणि चेहरा कमालीचा भोळा केला. “मिस्टर हचिन्स, ही पिशवी राहिलीय. आम्ही हिलक्रेस्ट वृद्धाश्रमावरूनच चाललोय. मिसेस व्हर्बीकना देऊन टाकू?”

“हिलक्रेस्ट नव्हे रे, मेपल कोर्ट!” डेल वैतागला. “न्या, न्या. माझी एक खेप वाचेल. आणि हे बघा, घराबद्दल तिच्यापाशी काही बोलू नका. तिला वाटतं, सगळं जागच्या जागी—”

तो थबकला. फोन कानावरून खाली आला.

“तुम्ही म्हणालात, त्या गेल्या,” थिया म्हणाली.

“गेलीच आहे ना इथून! मी कुठे खोटं बोललो?”

पण तोवर सायकली कोपऱ्यावर पोहोचल्या होत्या.

मेपल कोर्टच्या दारात परिचारिकेने मुलांना थांबवले. “भेटा, अवश्य भेटा, कोणी येतच नाही त्यांच्याकडे. फक्त एक लक्षात ठेवा. मुलगा रविवारी येणार आहे, असं त्या सांगतील. तो येणार नाही. गाडी बर्फावरून घसरली त्याची. झाली बरीच वर्षं. सांगितलं की त्यांना ते नव्याने कळतं आणि त्या नव्याने रडतात. म्हणून आम्ही सांगत नाही.”

मिसेस कॉर्नेलिया व्हर्बीक खिडकीपाशी बसल्या होत्या. केस पिनांनी घट्ट बसवलेले, पाठ खुर्चीला न टेकलेली. थियाने ती पाठ लगेच ओळखली.

“बसा,” त्यांनी फर्मावले. “वाकून नाही, सरळ बसा! कोण तुम्ही? डेलने पाठवलं?”

“स्वेटर आणलेत,” इनेस म्हणाली.

“शहाण्या दिसता. रविवारी आला असतात तर गॅरिट भेटला असता. माझा मुलगा. रविवारी येतो तो.” त्या थांबल्या, मग आवाज खाली आणून, शेजारच्या खुर्चीलाही ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, “तुम्हाला म्हणून सांगते. हल्ली त्याचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही माझ्या. आवाज येतो. पायरीवरची पावलं येतात. चेहरा येत नाही. आईला मुलाचा चेहरा आठवू नये, याला काय म्हणायचं?”

त्यांनी पिशवीतला एक स्वेटर काढून मांडीवर घेतला.

“अल्बम सापडत नाहीत, असं डेल म्हणतो. अल्बममध्ये तरी तो कुठे असणार? सदा कॅमेऱ्यामागे! पण कॅमेरा माझ्या कपाटात आहे. आत त्याचा रोल आहे, न धुतलेला. त्यातला शेवटचा फोटो आमचा दोघांचा. सरोवराच्या धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याला सांगून काढून घेतला. तेवढाच एक आहे त्याचा. घर कुलपात आहे, म्हणून मी निर्धास्त आहे.”

तो कॅमेरा थियाच्या पाठीवरच्या पिशवीत होता. त्याचे ओझे एकाएकी असह्य झाले. तिने पिशवीचे पट्टे घट्ट ओढले आणि चित्रे न दाखवताच ती उठली.

बाहेर आल्यावर ती झाडाखाली मटकन खाली बसली. “शेवटचा होता, डेझ. म्हणजे सगळ्यात वरचा. त्यातलं काही म्हणजे काही उरलं नाही.”

डेझमंडने गवताची काडी मोडली, पुन्हा मोडली. “सांगायलाच हवं का? त्यांना वाटू दे, आहे कपाटात म्हणून.”

“डेललाही तसंच वाटतं,” इनेस म्हणाली.

थियाने डोळे पुसले. “मी जाजांना सांगते,” ती म्हणाली.

जाजांनी सगळे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा आणि चर्चला जातानाचा टाय घालून तिन्ही मुलांबरोबर निघाले. मेपल कोर्टच्या लांबलचक व्हरांड्यात वळण आले आणि त्यांच्या ओठांतून, नको असतानाही, शीळ निघाली.

“कोण ते?” खोलीतून खणखणीत आवाज आला. “कारखान्यातला माणूस दिसतोय! वळणावर शीळ तेच घालतात. या आत!”

जाजा आत गेले, पण बसले नाहीत. टोपी हातात घेऊन त्यांनी सांगितले. काही लपवले नाही, काही सौम्य केले नाही. घर पेटाऱ्यात रिकामे होत होते, आत्या ‘गेली’ असे सांगून डेलने कॅमेरा विकला होता, नातीने घेतला होता, ती चाक दाखवून थांबा म्हणत असताना आपण झाकण उघडले होते, आणि मुलांनी दोऱ्याच्या टोकावरून पत्ता काढला होता.

मिसेस व्हर्बीक खिडकीबाहेर पाहत होत्या.

“शेवटचाही गेला?”

“हो, बाई.”

“धक्क्यावरचा?”

“हो.”

“जन्मभर काळोख सांभाळलात,” त्या म्हणाल्या, “आणि उजेडात घात केलात!”

जाजांनी मान खाली घातली. आपल्या आजोबांना कोणासमोर असे उभे राहिलेले थियाने कधी पाहिले नव्हते. पण याच वेळी बोलायचे नाही, तर मग केव्हा?

“सुरुवातीचे वाचलेत!” ती म्हणाली आणि तिने चित्रे त्यांच्या मांडीवर ठेवली.

“हा माझा कप. कान तुटलेला.” त्यांनी एकेक चित्र डोळ्यांजवळ धरले. “हे झाड. त्या वर्षी फांद्या वाकल्या होत्या बर्फाने. ही मी. पाठ बघा! अशी असावी माणसाची.”

मग त्यांनी शेवटचे उचलले. अर्धे जळालेले.

त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या, तशी दारात थांबलेली परिचारिका पुढे सरसावली.

“हा मी काढला,” त्या म्हणाल्या. “फुकटचे दोन! प्रत्येक रोलचे फुकटचे दोन माझे असायचे. ‘घे आई, दाब, ह्यात काही येत नाही,’ म्हणायचा. मी त्याच्यावरच रोखायची. असा हात आडवा घालायचा आणि हसायचा… त्याला वाटायचं, काही येत नाही!” त्यांचे बोट त्या वाकड्या दातावर टेकले. “हाच. हाच तो. माझा गॅरिट.”

त्या पाहत राहिल्या. आणि पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावरचे काहीतरी सावकाश मालवत गेले.

“तो रविवारी येणार नाही,” त्या म्हणाल्या.

कोणीही त्यांना तसे सांगितले नव्हते.

“आपण थोडं पडता का, मिसेस व्हर्बीक?” परिचारिकेने घाईने विचारले.

“गप्प! मला उगी करू नका! चेहराच नव्हता, तर मी इतके रविवार वाट कोणाची बघत होते? आता निदान रडायला माणूस आहे माझ्यासमोर.”

आणि त्या रडल्या. पाठ ताठ ठेवून, चेहरा न झाकता, चित्र छातीशी धरून. इनेसने त्यांचा दुसरा हात धरला होता. डेझमंड भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी रुमालाने तोंड पुसले. “डेलला फोन लावा.”

डेल आला. मुलांना पाहून त्याचा चेहरा उतरला.

“मी गेले म्हणून सांगितलंस ना?” मिसेस व्हर्बीक म्हणाल्या. “तर मग गेलेल्या बाईची इच्छा ऐक. तो पेटारा इंच इंच उपसायचा. माझा कप, माझे अल्बम, जे सापडेल ते इथे आणायचं. ही मुलं उभी राहून बघतील. तुझ्यापेक्षा त्यांचे डोळे चांगले आहेत.”

“आत्या, मी तुला त्रास नको म्हणून…”

“त्रास माझा होता, डेल. तो तरी माझ्यापाशी राहू द्यायचा होतास.”

डेल खाली पाहत निमूट निघून गेला. मग थियाने पिशवीतून कॅमेरा काढला. खटक्यावरून एकदा अंगठा फिरवला, धबधबा आठवला, तो मऊ आवाज आठवला, आणि तिने तो त्यांच्या मांडीवर ठेवला. “हा तुमचा आहे.”

मिसेस व्हर्बीकनी तो कुरवाळला. नेम धरून पाहिला. त्यांनी तो परत तिच्या हातात दिला.

“गॅरिटने तो वस्तू म्हणून कपाटात ठेवण्यासाठी घेतला नव्हता. तुझाच राहू दे. एक अट आहे.” त्या जाजांकडे वळल्या. “रोल भरता येतो ना अजून? की तेही विसरलात?”

“येतो, बाई,” जाजा म्हणाले. मघापासून प्रथमच त्यांचा आवाज थोडा सुटला. “तेवढं येतं.”

“मग भरा. आणि ऐका. ह्या मुलीने चाक फिरताना पाहिलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. त्या मुलीने दोऱ्याचं टोक पाहिलं; डेलने आख्खी आत्या पाहिली नाही. आणि तो मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा आहे, त्याने तर मला शोधून काढलं. मोठ्यांनी झाकणं उघडावीत आणि मुलांनी डोळे, अशी वाटणी झालेली दिसते या गावात!”

“माझी चूक झाली, थिया,” जाजा म्हणाले. “तुझं ऐकायला हवं होतं. आणि इथे यायचं धैर्य तूच दिलंस मला.” जाजा असे सहजी बोलणारे नव्हते, थियाला कुठे पाहावे कळेना.

जाजांनी थियाचा रोल गुंडाळून बाहेर काढला आणि खिशातला नवा भरला. झाकण बंद झाले. थियाने खटका ओढला आणि कॅमेरा मिसेस व्हर्बीकच्या हातांत दिला.

“फुकटचे दोन,” ती म्हणाली.

मिसेस व्हर्बीकनी कॅमेरा थेट तिच्यावरच रोखला.

“नको! माझा नको! मी रडलेय!”

“ह्यात काही येत नाही,” मिसेस व्हर्बीक म्हणाल्या, आणि त्यांनी बटण दाबले.

त्या आठवड्यात तळघरातल्या दोरीवर दोन नव्या पट्ट्या सुकल्या आणि जाजांनी त्या कागदावर उतरवल्या. धबधब्याची चित्रे होती, दीपस्तंभासमोर खाली बसलेला डेझमंड होता. पण थिया दुसऱ्याच एका चित्रापाशी थांबली होती. त्याची डावी बाजू उजेडाने पांढरीफटक जळाली होती. उजवीकडे, तिरकी, हनुवटी कापली गेलेली एक मुलगी होती. चेहरा ओला, तोंड उघडे, आणि अडवण्यासाठी वर केलेला हात.

जाजांनी कात्री घेतली. “जळालेला भाग कापून टाकू?”

“नको,” थिया म्हणाली. “असाच राहू द्या. रविवारी नेऊन द्यायचाय.”